शिंगाची मूठ

माझ्याकडे एक चाकू आहे. सहा पात्यांचा. सहाही पाती वेगवेगळ्या आवाजात उघडतात. मोठं पातं 'टक्' म्हणतं, वाकडं पातं 'टिक्', आरीचा आवाज जरा दबका, आणि टोचा तर जवळजवळ मुकाच. मी डोळे मिटून बसले आणि कुणी त्यातलं एक उघडलं, तर कुठलं ते सांगेन. यात काही मोठं शहाणपण नाही. बारा-बारा तास फाटकाच्या खोलीत एकटं बसलं की माणूस असल्याच गोष्टींत हुशार होतं.

मी सौंदडजवळच्या एका रेल्वे फाटकावर काम करते. स्टेशनातून फोन येतो, गाडी सुटली, फाटक लावा. मी फाटक लावते, झेंडी घेऊन उभी राहते, गाडी जाते, फाटक उघडते. मधल्या वेळात दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मी. बोलायला कुणी नाही. फाटकापाशी खोळंबलेले लोक बोलतात, पण ते बोलणं म्हणजे, "बाई, जल्दी खोलो ना!" आणि माझं उत्तर ठरलेलं, "गाडीखाली जायचं असेल तर जा खुशाल." माझं तोंड चांगलं नाही, हे मला ठाऊक आहे. नवरा होता तेव्हाही नव्हतं.

चाकू नवऱ्याचा. तो दरेकसाला रेल्वेत गँगमन होता. रोज रुळांवरून कोसभर जायचं, कोसभर यायचं, ढिलं असेल ते आवळायचं. स्टेशनामागच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच राहायचो. मूल झालं नाही, आणि लोकांनी त्याबद्दल विचारणं बंद करायला फार वर्षं लागली. १९९९ साल असेल, आमच्या लग्नाला सहाएक वर्षं झाली होती, तेव्हा त्याला या चाकूचं वेड लागलं.

नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्तीवर, एक म्हातारा लोहार होता. विळे, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ ही त्याची रोजची कामं. मिटणारा चाकू मात्र तो मनात आलं तरच करायचा, आणि ज्याच्यासाठी करायचा त्याला मनसोक्त रखडवायचा. माझ्या नवऱ्याला चार महिने रखडवलं. आधी म्हणे हे पोलाद नको, ट्रकच्या कमानीची जुनी पट्टी मिळू दे. पट्टी मिळाली, तर म्हणे मुठीचं शिंग अजून ओलं आहे. म्हशीचं शिंग, ते वाळायला आणखी दीड महिना. सुटीच्या दिवशी हा उठला की तिकडे. घरात गळकं छप्पर तसंच, तुटलेली कडी तशीच. मी एकदा म्हटलं, "तिकडंच बिऱ्हाड करा ना! मी डबा पाठवत जाईन."

"तुले नाही समजत वं," तो म्हणाला. "तो पातं घासून राहिला का मले पाहतच राहावं वाटते."

"मला बघून कधी नाही वाटलं तसं."

"तू कुठी चमकतेस तशी?" म्हणाला आणि सायकल काढून गेलासुद्धा.

मग एका संध्याकाळी तो आला आणि चाकू माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. हातात दिला नाही. हातातून हातात चाकू दिला की दोघांचं भांडण होतं, असं इकडे म्हणतात. आम्ही बौद्ध माणसं. असलं काही मानायचं नाही, हे मला माझ्या बापानं लहानपणीच शिकवलं होतं. मी म्हटलं, "आपल्याला भांडायला चाकू लागतो का? आपलं तर बिनचाकूचं रोज होतं."

"तरी पन," तो म्हणाला. "लोहारानं सांगतलं."

मी चाकू उचलला. आता काय सांगू बापा! मला लोखंडातलं काही कळत नाही, पण चांगलं काम कळतं. माझी आई गोधड्या शिवायची, चुकलेला टाका तिला दारातून दिसायचा. तो डोळा थोडा माझ्यात आला असावा. मिटलेला चाकू वीतभराहून लहान, दोन्ही अंगांना काळं शिंग, आणि कुठं फट म्हणून नाही. मी डोक्यातला एक केस उपटून दोन पात्यांच्या मध्ये घालून बघितला. गेला नाही. दोन-दोन पात्यांच्या मध्ये पितळेचा पातळ पत्रा होता, तो म्हणे एका फुटक्या लोट्याच्या बुडाचा. प्रत्येक पात्याला नख अडकवायला खाच, आणि प्रत्येकाची खाच निराळी, म्हणजे न बघता बोटाला कळावं की हे कुठलं पातं. मोठं पातं बांबूला आणि फांद्यांना. बारीक पातं कांद्या-वांग्याला. वाकडं दोर कापायला. मग आरी, मग टोचा. सहावं पातं रुंद आणि बोथट, ते रुळांच्या नटबोल्टांतलं जुनं ग्रीस खरवडायला. असलं पातं त्या लोहारानं आधी कधी केलेलं नव्हतं. नवऱ्यानं काडीनं जमिनीवर आकृती काढून दाखवली, तेवढ्यावर त्यानं केलं. मशीन नाही, वीज नाही. एक भाता, एक ऐरण, दोन-चार कानशी.

"मूठ पाह्य कशी आहे," नवरा म्हणाला. "माह्या हाताच्या मापाची."

मी मूठ धरून बघितली. मला मोठी होती. मी म्हटलं बरी आहे, आणि चहा ठेवायला उठले.

दोन दिवसांनी कळलं की एवढ्यावर संपलेलं नाही. माझ्या पायात बोरीचा काटा गेला होता. त्यानं मला पायरीवर बसवलं, माझा पाय मांडीवर घेतला आणि चाकूच्या टोकाला नख लावून ओढलं, तर शिंगाच्या आतून एक छोटा चिमटा बाहेर आला! दुसऱ्या टोकातून कानकोरणं. दोन दिवस मी तो चाकू शंभरदा हाताळला होता आणि मला पत्ता लागला नव्हता. मला त्या म्हाताऱ्याचा रागच आला. इतकं छान काम माणसानं लपवून कशाला ठेवायचं? नवरा काटा काढत होता आणि मी त्याला शिव्या देत होते, हळू, हळू, आंधळा आहेस का. एरवी मी त्याला अहो-जाहोच करायची, पण काटा टोचला की सगळं विसरायला होतं. तो हसत होता. काटा निघाला तरी त्यानं पाय लगेच सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही.

२००४ च्या पावसाळ्यात त्याला ताप आला. दरेकसाच्या बाजूला ताप ही काही बातमी नसते. "दोन दिवसात उतरन," म्हणत तो पडून राहिला. मी ते दोन दिवस त्याच्यावर ओरडण्यात घालवले, गोळी का घेत नाही म्हणून. तिसऱ्या दिवशी त्याला गोंदियाला दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी तो गेला. मलेरिया डोक्यात चढला, एवढंच मला सांगितलं. त्याचे कपडे एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. पँटच्या खिशात चाकू होता.

त्याच्या जागी मला नोकरी मिळाली, ती इकडे, फाटकावर. दरेकसाचं क्वार्टर सोडलं. इथंही एक क्वार्टर दिलं, रुळांना लागून, एक खोली आणि मोरी. सासरचे म्हणाले गावाला ये, माहेरचे म्हणाले इकडे ये. दोन्हीकडे मी एकेकदा राहून बघितलं आणि दोन्हीकडे भांडून परत आले.

चाकूच्या मुठीचं गुपित मला फाटकाच्या खोलीत कळलं. दुपार होती. दोन गाड्यांच्या मध्ये बराच वेळ होता, म्हणून मी कांदा चिरायला घेतला. चिरता चिरता हात थांबला. मुठीवर बोटांच्या बाजूला चार उथळ खळगे होते, आणि वरच्या अंगाला अंगठ्यासाठी एक. हे मी आधीही पाहिलं होतं, शोभेचं समजून सोडून दिलं होतं. त्या दिवशी मी एकेक बोट त्यात नीट ठेवलं. बोट बसलं, पण बाजूला जागा उरली. चारही बोटांच्या बाजूला थोडी थोडी. माझी बोटं बारीक आणि तो खळगा त्याच्या बोटाचा. उरलेली ती जागा म्हणजे तो होता. मी कांदा तसाच टाकला आणि कितीतरी वेळ नुसती मूठ धरून बसले. फोन वाजला तेव्हा उठले.

त्यानंतर हे रोजचं झालं. मूर्तीपुढं हात न जोडणारी मी, एका म्हशीच्या शिंगाला धरून बसायची. माझं मलाच हसू यायचं, पण सोडवत नव्हतं. घरी आलं की कुलूप काढायचं, दिवा लावायचा, आणि मूठ धरायची. दिवसभराचं सांगायचं मनातल्या मनात. आज एका ट्रॅक्टरवाल्यानं फाटकाला धडक दिली. आज स्टेशन मास्तर उगाच खेकसला. त्याला काहीही सांगितलं तरी तो आधीही नुसतं "हो का" म्हणायचा, त्यामुळे फार फरक पडला नाही.

हे तीन वर्षं चाललं. मग मीच माती खाल्ली. फाटकाचं कुलूप गंजून अडकलं होतं, पलीकडे बैलगाड्या उभ्या, लोक ओरडत होते. माझं डोकं फिरलं. खिशातला चाकू काढला, मोठं पातं कुलपाच्या कडीत घातलं आणि रागानं पिळलं. आतून 'कट्' असा आवाज आला. पातं तुटलं नव्हतं. पात्याला मागून दाबून धरणारी कमान तुटली होती. आता मोठं पातं सैल दारासारखं हलायला लागलं, उघडेना नीट, मिटेना नीट. गोंदियाच्या बाजारात एका धारवाल्याला दाखवलं. त्यानं चाकू उलटसुलट केला आणि म्हणाला, "बहनजी, ये अब नहीं बनेगा. नया ले लो." मी त्याला काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

शेवटी सुटी टाकली आणि दरेकसाला गेले. सौंदडहून गोंदिया, गोंदियाला गाडी बदलून दरेकसा. तीन वर्षांनी त्या फलाटावर पाय ठेवला. आमच्या क्वार्टरकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि बघितलं. दारात दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते.

लोहार तसाच होता, जरा वाकलेला. चाकू मी त्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला. त्यानं उचलला आणि लगेच ओळखला.

"हा तं माहा चक्कू," म्हणाला. "आन तो गँगमन? तो काऊन नाही आला?"

"ते वारले, मामा. तीन वर्षं झाली. तापानं."

म्हाताऱ्यानं सैल पातं हलवून बघितलं. चाकू मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "आता तुमी वापरता?"

"मीच वापरते. कमान तुटली आहे, तेवढी करून द्या."

तो उठला, कोपऱ्यातल्या मडक्यातून भिजलेल्या मातीचा एक गोळा काढला, तळहातांत घोळवून लांबट केला आणि माझ्यापुढे धरला.

"मूठ आवळा, बाई."

"कशाला?"

"आवळा तं."

माझी परतीची गाडी तासाभरात होती आणि स्टेशनपर्यंत चालायचं होतं. मला वाटलं, असेल यांच्यातलं काही, मेलेल्या माणसासाठी मातीला हात लावायचा असेल. म्हाताऱ्याचं मन मोडायला नको. मी गोळा मुठीत आवळला, त्याच्या हातात दिला आणि मडक्यातल्या पाण्यात हात धुतला. एक वाक्य जास्तीचं विचारायला हवं होतं. मी घड्याळ बघत होते. "पंधरा दिवसांनी या," तो म्हणाला, आणि मी निघाले.

पंधरा दिवस मूठ नव्हती. ते दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. घरी आल्यावर हाताला काही काम सुचायचं नाही. मी तांदूळ निवडायची, निवडलेलेच पुन्हा निवडायची.

परत गेले तेव्हा म्हाताऱ्यानं चाकू फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्यानं तो जमिनीवर ठेवला, मी उचलला. मोठं पातं उघडलं, 'टक्'. तोच आवाज! मला इतका आनंद झाला की मी पुन्हा मिटून पुन्हा उघडलं. आणि मग हाताला कळलं. मूठ गच्च बसली होती. बोटं खळग्यांत बरोब्बर, ना कमी ना जास्त. बाजूला कुठं जागाच नव्हती.

मी चाकूकडे बघितलं. शिंग नवीन होतं.

"मामा, ही मूठ कुणाची?"

"तुमचीच. तुमच्या हाताची. त्या दिवशी माप नाही का घेतलं?"

"आणि आधीची?"

"नाल्यात सोडली." तो अगदी शांतपणे म्हणाला. "खपल्या मानसाच्या मुठीनं जित्यानं काम करू नाही. आमच्या घरची रीत आहे. आपन कापून राहिलो का तिकडे त्याचा हात थकते. त्याले आराम कवा भेटन?"

माझं तोंड सुटलं. आजवर कुणाला बोलले नसेन इतकं मी त्या म्हाताऱ्याला बोलले. कुणी सांगितलं होतं तुम्हाला? कमान करा म्हटलं होतं, कमान! आम्ही जयभीमवाले, आम्ही हे काही मानत नाही! तुमची रीत तुमच्या घरात ठेवा, माझ्या चाकूला कशाला लावता? माझ्याजवळ त्याचं तेवढंच होतं हो. फोटो आहे, तो लग्नातला, त्यात तो दुसऱ्याच कुणासारखा दिसतो. तेवढंच होतं आणि तुम्ही ते पाण्यात टाकलं. आणि मग मी तिथंच, भात्याजवळ, राखेत बसून रडले. त्याच्या मरणात मी अशी रडले नव्हते. तेव्हा कागद होते, सह्या होत्या, पाहुणे होते.

म्हातारा तसाच उभा होता. माझं थोडं ओसरल्यावर म्हणाला, "तुमी नका मानू, बाई. मी लोहार आहो. मले मानाच लागते."

मग तो आत गेला आणि एक फळी उचलून घेऊन आला. फळीवर मातीचे भाजलेले गोळे होते, तीसेक असतील. प्रत्येकावर एकेका माणसाची आवळलेली मूठ. बोटांचे खळगे, अंगठ्याची खूण, कुठं कुठं कातडीच्या रेषासुद्धा. कुणाची मूठ फुटली तर त्याच मापाची पुन्हा करता यावी म्हणून तो सगळ्यांचे गोळे भट्टीत भाजून ठेवायचा.

"त्याचाबी यात आहे," तो म्हणाला. "माणूस खपला का गोळाबी पान्यात सोडाची रीत आहे. मूठ सोडून आल्यावर मी पाहिलो, पन वळखू नाही आला. कोळशानं खुना केल्या होत्या, छप्पर गळलं आन पुसून गेल्या." मग म्हणाला, "तुमी काढा वळखून. मी रीत मोडतो. त्याच मापाची मूठ करून देतो. मले पाप लागन तं लागन."

मी डोळे पुसले. मनात म्हटलं, एवढंच ना! अकरा वर्षं त्या हाताबरोबर संसार केला, तीन वर्षं त्या मुठीला धरून बसले, हजारांत ओळखीन. बायकांच्या आणि पोरांच्या मुठी आधी बाजूला केल्या. पंधरा-सोळा उरल्या. एकेक गोळा हातात घ्यायचा, एकेक बोट खळग्यात ठेवायचं. काही लगेच कळले की हे नव्हेत. एकाची बोटं फारच जाड, एकाला करंगळीच नव्हती. पाच उरले. मग तीन. मग दोन.

त्या दोनांवर मी अडले. दोन्हींत माझी बोटं तशीच बसत होती आणि बाजूला तशीच जागा उरत होती. पहिला घेतला की वाटायचं हाच. दुसरा घेतला की वाटायचं, छे, हा. डोळे मिटून करून बघितलं. मग मी त्याचा हात आठवायला लागले. चहाचा कप धरताना तो करंगळी वर करायचा, ते आठवलं. नखं कुरतडायचा, ते आठवलं. माझा पाय मांडीवर घेतला होता तेव्हा तळहात किती गरम होता, तेही आठवलं. पण अंगठ्याजवळचं बोट लांब होतं की करंगळीजवळचं? बोटांची पेरं जाड होती की सारखी? नाही आठवलं. हा हात रोज माझ्यासमोर जेवायचा आणि मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. मी भाजीत मीठ बरोबर आहे का ते बघत होते, की तो ताटात काय टाकून देतो ते बघत होते, कुणास ठाऊक. चाकूच्या सहा पात्यांचे आवाज मला ओळखू येतात. नवऱ्याची पाच बोटं येत नाहीत.

म्हातारा शिंगाचा एक तुकडा हातात घेऊन वाट बघत होता. "सांगा, बाई," एकदाच म्हणाला. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. माझीच गाडी. ती गेली.

"नाही सांगता येत, मामा," मी म्हटलं. हे म्हणताना मला जेवढी लाज वाटली तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

त्यानं शिंग खाली ठेवलं. दोन्ही गोळे उचलले आणि माझ्यापुढे जमिनीवर ठेवले. "दोनी घेऊन जा. ज्या दिवशी समजन त्या दिवशी आना."

"आणि दुसरा ज्याचा आहे तो?"

"समद्यायले सांगून ठेवन, मूठ सांभाळून वापरा म्हून."

मी दोन्ही गोळे त्याच फडक्यात बांधून आणले. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. म्हातारा आहे की नाही, मला ठाऊक नाही. मी पुन्हा गेले नाही. काय तोंड घेऊन जाणार? चाकू मी रोज वापरते. अजून त्यात केस जात नाही. कमान पहिलीपेक्षा चांगली बसली आहे, आणि मूठ तर अशी की जगात दुसऱ्या कुणाला बसायची नाही. मला इतकं चपखल काही कधी कुणी करून दिलेलं नाही. पण ती धरून बसावंसं वाटत नाही. तिच्यात फक्त मीच आहे, आणि मी तर दिवसभर मला भेटतेच. कधीकधी म्हाताऱ्याचं बोलणं आठवतं. खरंच थकत असेल का तो, मी तीन वर्षं रोज धरून बसायची तेव्हा? मी हे मानत नाही. तरी आठवतं.

गोळे क्वार्टरच्या खिडकीत आहेत. दोन्ही शेजारी शेजारी. पुसायला घेतले की दोन्ही पुसते, दिवसभराचं सांगायचं असलं की दोघांना सांगते. एक माझा नवरा आहे आणि एक कुणी परका माणूस, बहुतेक जिवंत, कुठल्याशा टोल्यावर विडी ओढत बसलेला. त्याला काय पत्ता, की सौंदडची एक बाई त्याला तुरीच्या डाळीचा भाव सांगते आहे म्हणून.

मालगाडी गेली की खिडकी हादरते आणि गोळे थरथरत कडेकडे सरकतात. ड्युटीला जाताना मी ते खाली फडक्यात ठेवून जाते, तिथं माझ्या एका हातात झेंडी असते, पण घरी दोन्ही हात मोकळे असतात. गाडी आली की मी उठते आणि दोन्हींवर एकेक हात ठेवते. एकदा मी मनाशी ठरवलं, बस झालं, हाच तो, आणि दोन्ही हात त्या एकावरच ठेवले. लांब गाडी होती. शेवटचा डबा जाईपर्यंत दुसरा अगदी कडेवर येऊन अर्धा बाहेर गेला होता. मी पहिला सोडला आणि झेप घेऊन त्याला धरलं.